डब्यात सात हजार जास्त

१

शेवटी असं सिद्ध झालं की दहाच्या वीसही नोटा यशोधननेच टाकल्या होत्या, आणि त्याने तसं लेखी कबूल केलं.

हे वाक्य आपण कोणी वाचलेलं नाही. यशोधननेही नाही. रविवारी सकाळी बापूसाहेबांनी डब्याचं सील फोडलं तेव्हा तो सगळ्यांइतकाच निष्पाप चेहरा करून मटार सोलत बसला होता. आपणही त्याच्या शेजारी तसंच बसायचं आहे.

डबा पत्र्याचा होता. पूर्वी त्यात तेल यायचं. बापूसाहेबांनी दोन वर्षांपूर्वी त्याच्या झाकणाला झिरी पाडली आणि कडेने लाख ओतून तो बंद केला. बापूसाहेब चौतीस वर्षं फॅक्टरीच्या हिशोब-तपासणी खात्यात होते. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी घरच हाती घेतलं. नियम साधा होता. दर रविवारी चहा झाला की घरातल्या चौघांनी, म्हणजे बापूसाहेब, त्यांची बायको शरयूबाई, मुलगा यशोधन आणि सून यामिनी यांनी, शंभराची एकेक नोट चार घड्या घालून झिरीतून आत सोडायची. बापूसाहेब रजिस्टरमध्ये चार बरोबरच्या खुणा करायचे. कुणी कुणाची घडी उघडून बघायची नाही. "ही विश्वासावर चालणारी संस्था आहे," असं ते म्हणायचे आणि लाखेला तडा गेलाय का ते बघायचे.

पैसे शरयूबाईंच्या मोतीबिंदूसाठी होते. "थोडंसं धुकं आहे, घाई काय आहे," असं त्या दोन वर्षं म्हणत आल्या होत्या. आता गुरुवारची तारीख मिळाली होती. बुधवारी दुपारी दोनच्या आत चाळीस हजार भरायचे, नाहीतर पुढची तारीख थेट मार्चमध्ये.

एकशे चार रविवार, चार माणसं, शंभराची नोट. एकूण एक्केचाळीस हजार सहाशे. बापूसाहेबांनी हा आकडा आधीच लिहून त्याखाली दुहेरी रेघ मारून ठेवली होती.

शरयूबाई देवघरातून बोटाची हळद पदराला पुसत आल्या आणि भिंतीला हात लावत लावत खुर्चीत बसल्या. बापूसाहेबांनी नोटा मोजल्या. चष्मा पुसला. पुन्हा मोजल्या.

"यशोधन, दार लाव."

"काहून, बाबा?"

"डब्यात सात हजार जास्त निघून राहिले."

२

दुसऱ्या कुठल्याही घरात यावर कुणीतरी खोव्याची जिलबी आणायला पळालं असतं. या घरात दाराला कडी लागली.

"कमी निघाले असते तर चोर एक असता," बापूसाहेब म्हणाले. "जास्त निघाले, म्हणजे निदान दोन आहेत. त्यातला एक चांगला आहे. चांगला चोर पकडणं फार कठीण."

त्यांनी नोटा टेबलावर मांडल्या. डबा न हलवता वरून उघडला होता आणि नोटा थराथराने काढल्या होत्या, त्यामुळे कुठली केव्हा पडली ते साधारण कळत होतं. शंभराच्या तीनशे चौऱ्याहत्तर. पाचशेच्या बावीस. दहाच्या वीस. पाचशेच्या आणि दहाच्या सगळ्या वरच्या थरात, म्हणजे गेल्या सहा महिन्यांतल्या.

"आणि गंमत बघ," बापूसाहेब म्हणाले. त्यांच्या तोंडी हा शब्द आला की घरातली मांजरसुद्धा उठून जायची. "एकूण नोटा चारशे सोळा. एकशे चार गुणिले चार, चारशे सोळा. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. शिवाय बऱ्याच नोटांवर पिवळे डाग आहेत. संशयाची दिशा स्वयंपाकघर."

"बाबा, पण जास्तच आहेत ना?" यामिनी म्हणाली. "चाळीस काढू, दवाखान्यात भरू. चलो, झालं."

"बेहिशोबी रकमेला हात लावता येत नाही, बेटा. चौकशी पूर्ण होईपर्यंत डबा जप्त."

"आईंचं ऑपरेशन गुरुवारी आहे!"

"म्हणून चौकशी बुधवारी सकाळपर्यंत."

एखाद्या मुलाने अशा वेळी खिशातून चाळीस हजार काढून टेबलावर आपटले असते. यशोधनच्या खात्यात त्या सकाळी तीनशे बारा रुपये होते. बाकीचे बासष्ट हजार त्याने सहा महिन्यांत शेअर बाजारात, मोबाइलवर, जेवणाच्या सुट्टीत घालवले होते. पहिल्या रविवारी पाकिटात खरंच फक्त दहाची नोट होती. चार घड्या घातल्यावर ती शंभरासारखीच दिसली, ही त्या नोटेची चूक. पुढच्या रविवारी शंभर होते, पण तोवर हाताला सवय लागली होती. नव्वद रुपयांनी बासष्ट हजारांचं काहीही होत नाही, हे त्याला कळत होतं. तो बँकेत होता.

"चौकशी अधिकारी कोण?" शरयूबाईंनी विचारलं.

बापूसाहेबांनी कोरी वही यशोधनच्या मांडीवर, मटारांच्या सालींवर ठेवली.

"हा. बँकेत आहे. आणि माझा याच्यावर पूर्ण विश्वास आहे."

३

पहिली साक्ष यामिनीची. ठिकाण गच्ची, साक्षीदार कपडे वाळत घालत असताना.

यशोधनला दहाच्या नोटांचा तपास करायचा नव्हता. त्या बाबतीत त्याच्याकडे पुरेसा पुरावा होता. त्याला पाचशेचा माणूस हवा होता. तो सापडला की सगळे त्याच्याकडे बघतील आणि दहाच्या नोटा गर्दीत निसटतील.

"गेल्या सहा महिन्यांत तू डब्यात पाचशेची नोट टाकलीस का?"

"मी काहून टाकू? वेडी आहे का?"

"नोटांवर हळद आहे."

"मी हळद चमच्याने घालते. चमचा मी डब्यात टाकला नाही. लिहून घे."

त्याने लिहून घेतलं.

"आता मी विचारू?" यामिनीने चादर झटकली. "रविवारी सगळे चहा झाल्यावर पाकीट काढून नोटेची घडी घालतात. तू मात्र आतल्या खोलीतूनच घडी घालून आणतोस. काहून?"

यशोधनने वहीत बरंच काही लिहिल्यासारखं केलं.

"साक्षीदाराने प्रश्न विचारायचे नसतात."

"अच्छा. मग साक्षीदाराची कबुली लिही. मी पोस्टात गुपचूप आरडी काढली आहे, महिन्याला दोन हजार. मार्चात पुरी होते. कुणाला सांगितलं नाही."

"कशासाठी?"

"तुझं शेअरचं घरात कळेल त्या दिवसासाठी." तिने शेवटचा चिमटा लावला. "मला वाईट वाटतं रे. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही, पैसे बाजूला टाकत बसले. हिशोबी बाई ना मी."

ती बादली घेऊन खाली गेली. चौकशी अधिकारी दोरीवरच्या ओल्या चादरीमागे थोडा वेळ उभा राहिला. चौकशीच्या पहिल्याच तासात अधिकारी पकडला गेला होता, आणि खरा प्रश्न तसाच होता.

४

सोमवारी सकाळी फाटकाशी भाजीची गाडी लागली. अनुपम भैया गेली सात वर्षं या गल्लीत यायचा. शरयूबाईंनी फाटकात उभं राहून जवळच्या शहपुऱ्याहून आलेल्या मटारच्या शेंगा बोटांनी दाबून दाबून निवडल्या, भावावरून त्याला दोन गोष्टी सुनावल्या, पाच रुपये कमी करून घेतले. मग कमरेचा बटवा काढला आणि उघडून त्याच्यापुढे धरला.

"घे बेटा."

अनुपमने आतून नोट काढली, मोठ्याने सांगून सुट्टे आत ठेवले, बटव्याची नाडी ओढून दिली. शरयूबाई आत गेल्या.

यशोधन फाटकाशी आला. "भैया, हे रोजचं आहे?"

"रोज का है, साहब. अम्माजी बटुआ ही पकड़ा देती हैं. कहती हैं, तू ही निकाल ले, मेरी उंगलियां गीली हैं."

"बोटं कोरडी होती त्यांची."

"हां साहब." अनुपमने तराजू पुसला. "छह महीने से सूखी ही रहती हैं. आपको नहीं मालूम?"

गाडी पुढे गेली. यशोधन वहीत काही न लिहिता आत आला.

दुसरी साक्ष शरयूबाईंची होती. त्या चहा घेत होत्या. कपात चहा अर्धाच होता.

"आई, बावीस रविवार कुणीतरी पाचशे टाकले. तुला काही माहीत आहे?"

"मला कसं माहीत असणार? माझ्याकडे कुठे जास्तीचे आहेत." त्यांनी आवाज खाली आणला. "उलट आहे ते. दार बंद आहे का? हे बघ, चोर मीच असेन."

"म्हणजे?"

"तू घरखर्चाचे पैसे देतोस ना, त्यातले महिन्याला दीडेक हजार उडून जातात माझ्याकडून. कुठे जातात, कळतच नाही. तीन वेळा मोजते, तीन आकडे येतात. डोकं चालेनासं झालंय माझं." त्या कपाच्या कानाशी चाळा करत राहिल्या. "मागे तुझ्याकडे वरचे मागितले होते, तर तू म्हणालास, आई, तुझा हिशोबच जमत नाही. बरोबरच म्हणालास. तेव्हापासून मी अर्धा लिटर दूध कमी केलं, देवळात चालत जाते, रिक्षा नाही करत. निभतं तेवढ्यात. पण ते दीड हजार मी कुठे ठेवून विसरले असेन, आणि कुणाला सापडून त्याने ते डब्यात टाकले असतील, तर?"

यशोधनला ते वाक्य आठवलं. आठवण चांगलीच स्पष्ट होती. सकाळची वेळ होती, मोबाइलवर बाजार उघडायला चार मिनिटं होती, आणि तिच्याकडे न बघता तो ते बोलला होता.

"बाबांना सांगू नको हं," शरयूबाई म्हणाल्या. "ते दर महिन्याला माझी परीक्षा घेतील."

वहीत त्याने लिहिलं: साक्षीदार क्रमांक दोन यांना काही माहिती नाही. लिहिलेलं बघताना त्याला वाटलं, अहवालात एक तरी ओळ खरी असायला पाहिजे.

५

मंगळवारी त्याने बँकेतून अर्धी सुट्टी टाकली. कारणाच्या रकान्यात "घरगुती लेखापरीक्षण" लिहिलं आणि ते मंजूर झालं, कारण तो रकाना कुणी वाचत नाही.

बापूसाहेबांनी जप्त नोटा पावतीवर सही घेऊन त्याच्या ताब्यात दिल्या. त्याने आतल्या खोलीत पलंगावर त्या पसरल्या आणि पहिल्यांदाच गुन्हेगारासारखा नाही, तपास करणाऱ्यासारखा विचार केला.

नोटा चारशे सोळाच. म्हणजे कुणी मागाहून पैसे कोंबले नव्हते. तसं असतं तर नोटा जास्त झाल्या असत्या. ज्याचं मन खातं तो माणूस शंभर टाकून वर चारशे टाकतो. इथे शंभराच्या जागी पाचशे पडले होते, रविवारच्या चहानंतर, सगळ्यांसमोर, घडी घालून. टाकणाऱ्याला आपण शंभरच टाकतोय असं वाटत असलं पाहिजे.

मग त्याने पिवळे डाग बघितले. तेलाचे नव्हते, मसाल्याचेही नव्हते. हळदीचा एकेक ठिपका होता, मुद्दाम बोटाने लावलेला. बाजूला काढायच्या नोटेला आधी हळदीचं बोट लावायचं, म्हणजे पैसा घरात टिकतो. लहानपणी त्याने हे देवघरात बघितलं होतं आणि साफ विसरला होता. ठिपक्याच्या नोटा त्याने वेगळ्या केल्या. शंभराच्या ब्याऐंशी. पाचशेच्या बावीसच्या बावीस.

ब्याऐंशी आणि बावीस. एकशे चार.

एका माणसाचे एकशे चार रविवार. एकही चुकलेला नाही.

त्याने त्या नोटा जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीने लावल्या. अगदी तळाच्या नोटांवर ठिपका डाव्या कोपऱ्यात होता, मोहरीएवढा, प्रत्येक नोटेवर त्याच जागी. तीस-चाळीस रविवारांनंतर तो कोपऱ्यातून सरकायला लागला. साठाव्या रविवारी मध्यावर आला. मग मोठा झाला, फराटा झाला. पाचशेच्या नोटांवर तर तो कुठेही होता. एकीवर कडेला नुसता अर्धा होता. उरलेला अर्धा हवेला लागला असावा.

यशोधन त्या अर्ध्या ठिपक्याकडे बघत राहिला. थोडंसं धुकं आहे, घाई काय आहे.

पण पहिलं दीड वर्ष ती नोटेत चुकली नव्हती. सहा महिन्यांपूर्वीच काय झालं?

याचं उत्तर शोधायला त्याला कुठे जावं लागलं नाही. पूर्वी तो घरखर्चाचे पैसे बँकेच्या काउंटरवरून शंभराच्या नोटांतच आणायचा. आईला पाकिटं लावायला सोपं पडतं म्हणून. तिच्या बटव्यात पाचशेची नोट जायचीच नाही. कुठलीही काढा, शंभर. सहा महिन्यांपूर्वी त्याने ते बंद केलं. काउंटरवर दहा मिनिटं थांबावं लागायचं, आणि ती दहा मिनिटं त्याला मोबाइलवर हवी होती. मग येता येता एटीएममधून पाचशेच्या काढायच्या, वर शंभराच्या चार नोटा ठेवायच्या, पाकीट तिच्या हातात द्यायचं. बाकी तिची ती बघेल.

सव्वीस रविवार तिची ती बघत होती. चार वेळा नेम बरोबर लागला.

"झाली का चौकशी?" दाराबाहेरून बापूसाहेबांनी विचारलं. "गुन्हेगार किती?"

"एकच आहे, बाबा," यशोधन म्हणाला. "दोन्हीकडून."

६

बुधवारी सकाळी नऊला अहवालवाचन झालं. यशोधनने आधी दहाच्या वीस नोटांचं वाचलं, कारण उलट क्रमाने वाचलं असतं तर त्याला ते जमलं नसतं. शेअरचं वाचलं. मग पाचशेचं वाचलं.

बापूसाहेबांनी चष्मा पुसला. मग त्यांनी पुराव्यातली एक नोट उचलून शरयूबाईंसमोर धरली. "शरयू, ही कितीची?"

शरयूबाईंनी मान पुढे केली, मागे केली, तिरकी केली. "शंभर. काहून? फाटकी आहे का?"

बापूसाहेबांनी पाचशेची नोट हळूच खाली ठेवली.

"शंभर नाहीये का ती?" शरयूबाईंनी एकेकाच्या आवाजाची वाट बघितली. मग त्यांच्या ध्यानात आलं, आणि या घरात रविवारपासून पहिल्यांदाच कुणाच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. "म्हणजे ते दीड हजार डब्यात जायचे? हरवायचे नाहीत? म्हणजे माझं डोकं शाबूत आहे?"

"एकदम शाबूत, आई," यामिनी म्हणाली आणि उठून भांड्यात पूर्ण दूध ओतायला गेली. ती बराच वेळ ओतत होती.

"मला वाटलं, मी आता सगळ्यांना ओझं होणार," शरयूबाई म्हणाल्या. "नुसते डोळेच ना? त्याला तर डॉक्टर आहे."

"आई, मी दहा टाकत होतो," यशोधन म्हणाला. हे त्यांनी ऐकलंच नाही असं त्याला वाटलं होतं. "वीस वेळा. तुझ्या डोळ्यांच्या डब्यात."

"ऐकलं मी. नसतील तेव्हा तुझ्याकडे." त्यांनी अंदाजाने हात पुढे केला, तो त्याच्या खांद्याऐवजी कानाला लागला. "दहा तरी टाकलेस ना. रविवार नाही चुकवलास."

तिने एक थोबाडीत दिली असती तर यशोधनने तिचे आभार मानले असते.

बापूसाहेबांनी रजिस्टर ओढलं. शरयूला परत करायचे आठ हजार आठशे. यशोधनकडून येणं अठराशे. अठ्ठेचाळीस सहाशेमधून आठ आठशे वजा, अठराशे मिळवा, एक्केचाळीस सहाशे. जुळलं. पण खाली दुहेरी रेघ मारण्याआधी त्यांचं पेन थांबलं.

"माझीही एक नोंद राहिली आहे," ते कागदाला म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी माझी पन्नास हजारांची एफडी होती. मोडली असती तर एक टक्का व्याज कापलं गेलं असतं. चाळीस हजारांवर दोन वर्षांचे आठशे रुपये. मी म्हटलं, आठशे काहून घालवायचे, डबा लावू." त्यांनी बायकोकडे बघितलं; ती त्यांच्या डाव्या बाजूच्या कॅलेंडरकडे बघून हसत होती. "आठशे वाचवले मी. हे कुठल्या बाजूला लिहू, यशोधन? जमा की खर्च?"

रेघ मारायची राहिली.

पैसे सव्वा वाजता दवाखान्यात भरले. खिडकीतल्या माणसाने विचारलं, नोटांना हळद कशी काय. यशोधन म्हणाला, "घरच्याच आहेत."

७

ऑपरेशन गुरुवारी झालं. शुक्रवारी पट्टी काढली तेव्हा शरयूबाईंनी सगळ्यांत आधी यशोधनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "किती वाळलास रे." त्याच रात्री चौकशी बंद करण्याआधी अधिकाऱ्याने अहवालाला एक पुरवणी जोडली. बापूसाहेबांनी ती वाचली, आवक क्रमांक घातला, आणि खाली शेरा न लिहिता रजिस्टरमध्ये तशीच ठेवून दिली. ती अशी:

प्रति,
माननीय चौकशी प्रमुख, घर.

विषय: एक वाक्य वगळण्याबाबत.

महोदय,

सदर प्रकरणातील रुपये एक हजार आठशे अर्जदार शंभराच्या अठरा नोटांत, दर रविवारी एक याप्रमाणे, घडी न घालता भरेल. तसेच यापुढे घरखर्चाची रक्कम काउंटरवरूनच आणली जाईल. त्याबाबत अर्जदाराची काही तक्रार नाही.

तथापि, "आई, तुझा हिशोबच जमत नाही" हे वाक्य अर्जदाराने साक्षीदार क्रमांक दोन यांना उद्देशून, त्यांच्याकडे न बघता, उच्चारले होते. ते वस्तुस्थितीला धरून नव्हते, हे आता चौकशीत सिद्ध झाले आहे. सबब विनंती की, सदर वाक्य मागील तारखेपासून रद्द समजून साक्षीदाराच्या स्मरणातून वगळण्यात यावे, आणि त्या वाक्यामुळे त्यांनी न घेतलेला अर्धा अर्धा कप चहा त्यांना त्या त्या सकाळी, गरम, परत मिळण्याची व्यवस्था व्हावी.

कळावे, आणि कार्यवाही त्वरित व्हावी, ही विनंती.